तानपुरा ऐकू येतोय का?

2020 च्या एप्रिलमध्ये गाण्याच्या शिकवण्या झूमवर गेल्या आणि पुण्या-मुंबईतल्या गुरूंपासून अमेरिकेतल्या मराठी विद्यार्थ्यांपर्यंत सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारू लागले : तानपुरा ऐकू येतोय का? बहुतेक वेळा येत नसे. इकडे तारा छेडल्या जात होत्या, पडद्यावर बोटं हलताना दिसत होती, पलीकडे मात्र शांतता. शिष्यानं दमसास लावून षड्ज धरला तर तोही तीन-चार सेकंदांत विरून जाई. गुरूंना वाटे, शिष्याचा दम तुटला. शिष्याला वाटे, गुरूंकडचं नेट गेलं.

चूक दोघांचीही नव्हती. हे सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेलं. एकसारखा येत राहणारा, न बदलणारा आवाज त्याच्या लेखी पंख्याचा किंवा एसीचा असतो आणि तो गाळून टाकणं हे त्याचं काम. तानपुऱ्याचा धर्मच एकसारखं झंकारत राहण्याचा. त्यामुळे गाण्याला ज्याचा आधार, नेमकं तेच पहिल्यांदा गळून पडायचं. त्याच वर्षी झूमनं संगीतासाठी ‘ओरिजिनल साऊंड’मध्ये खास सोय दिली. ती सेटिंगमध्ये शिरून हुडकावी लागे आणि बऱ्याच घरांत ते काम नातवंडांनी केलं.

शास्त्रीय संगीताच्या ऑनलाइन स्पर्धा अशा साधनांवर वाढल्या. त्या वर्षी डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव झाला नाही. 1953 पासून पुण्याच्या थंडीशी जोडला गेलेला हा उत्सव थांबला, तिथे गावोगावच्या गायन-वादन स्पर्धांची काय कथा! शाळा बंद, सभागृहं बंद, गणपतीतले कार्यक्रम बंद. मग संगीत मंडळांनी, क्लासेसनी, परदेशातल्या मराठी मंडळींनी प्रवेशिका ऑनलाइन मागवायला सुरुवात केली. टाळेबंदी उठली, सभागृहं भरली, तरी या स्पर्धा राहिल्या. हॉलचं भाडं नाही, स्पर्धकांची राहायची सोय नाही, परीक्षकाला घरबसल्या सवडीनं ऐकता येतं. स्पर्धकाच्या बाजूनं पाहिलं तर गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गातल्या मुलीला दहा मिनिटांच्या गाण्यासाठी दोन दिवसांचा प्रवास आणि सोबत येणाऱ्या पालकांची रजा एवढं सगळं वाचतं. हा फायदा मोठा आहे आणि तो आधी मान्य करायला हवा.

प्रवेशिका भरताना मागणी साधारण ठरलेली असते. पाच, सात किंवा दहा मिनिटांचं चित्रण, सलग, मध्ये कुठेही काटछाट नाही. चेहरा आणि हात दिसले पाहिजेत. सुरुवातीला राग आणि ताल सांगायचा. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा पाठवायचा. वाचायला सोपं वाटतं. गायला बसलं की खरी अडचण समोर येते आणि ती कॅमेऱ्याची नसते, आवर्तनाची असते.

विलंबित एकतालात मात्रा 12. एकेक मात्रा चार सेकंदांची धरली, तर एक आवर्तन 48 सेकंदांचं होतं. पाच मिनिटं म्हणजे जेमतेम सहा आवर्तनं. त्यातलं एक स्थायीत जातं, एक अंतऱ्यात. उरलेल्या चारांत आलाप, बोलआलाप, सरगम, तान एवढं दाखवायचं आणि प्रत्येक वेळी मुखडा घेऊन समेवर यायचं. परीक्षकांसमोर ‘सगळं येतं’ हे सिद्ध करण्याच्या नादात मुलं एकेका आवर्तनात एकेक अंग उरकतात. रागाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. तोच राग मध्यलय झपतालात घेतला, मात्रा एका सेकंदाची ठेवली, तर दहा सेकंदांचं आवर्तन होतं आणि पाच मिनिटांत तीस आवर्तनं मिळतात. बंदिश नीट मांडता येते, उपजेला वाव राहतो, लयीशी खेळता येतं, शेवटी दोन-तीन तानाही घाईविना बसतात. ज्यांना स्पर्धेचा अनुभव आहे असे गुरू म्हणून पाच मिनिटांसाठी बडा ख्याल देतच नाहीत. मध्यलयीतली एक घट्ट बंदिश देतात आणि ती महिनाभर घोटून घेतात. बडा ख्यालच हवा असेल, तर आयोजकांनी किमान पंधरा मिनिटं द्यावीत. पाच मिनिटांत बडा ख्याल मागणं हा स्पर्धकावर अन्याय आहे.

थोडक्यात गाण्याची ही सक्ती नवी नाही. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि 11 नोव्हेंबरला एका हॉटेलच्या खोलीत त्यानं गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. विजेचा माइक यायला अजून वीसेक वर्षं होती. समोर मोठा कर्णा, त्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं आणि तीनेक मिनिटांत संपवायचं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगत. आजचा स्पर्धक गायच्या आधी नाव, वय, राग, ताल सांगतो, त्याची पूर्वपीठिका तिथे आहे.

असं तीन मिनिटांत गाणं सगळ्यांना रुचलं नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखले 1922 साली गेले, त्यांचाही आवाज आपल्यापर्यंत पोहोचला नाही. तबकडीच्या तीन मिनिटांत राग कसा मावणार, हा प्रश्न त्या काळात खराच होता. पण अल्लादिया खाँ यांच्याच शिष्या, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली आणि आता आंतरतारकीय अवकाशात प्रवास करते आहे. ती भैरवी कुणी तुकडा म्हणून ऐकत नाही. केसरबाईंनी मोठ्या मैफलीचा एखादा भाग कापून दिलेला नव्हता, त्या साडेतीन मिनिटांत पूर्ण होईल अशी रचनाच मांडली होती. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांचंही तेच. स्पर्धेला बसणाऱ्या मुलांना या तबकड्या ऐकवायला हव्यात, ऐकवल्या जात नाहीत. मुलं ऐकतात ती गेल्या वर्षीच्या विजेत्यांची चित्रणं. मग त्याच रागांतल्या त्याच बंदिशी पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

आता घरच्या खोलीत येऊ.

डोंबिवलीतला किंवा सांगलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. पंखा बंद, खिडक्या बंद, ऑक्टोबरचा उकाडा. फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच गुरगुरतो म्हणून त्याचं बटण काढलेलं. शेजारी कुकरला शिट्टी होण्याआधी किंवा रात्री अकरानंतर गायचं. पहाटे पाचला शांतता मिळते, तेव्हा यमन गाणारी मुलं अनेक घरांत सापडतील, आणि रात्री बाराला भीमपलास. रागाची वेळ पाळावी असं सगळ्यांनाच वाटतं, पण रहदारी ती पाळू देत नाही. खोली रिकामी असेल तर आवाज भिंतींवरून घुमतो आणि तान गढूळ होते. त्यावर गाण्यातल्या घरांनी शोधलेला उपाय साधा आहे : गाणाऱ्याच्या समोरच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या करायच्या आणि खाली सतरंजी अंथरायची. फोन तीन-चार फुटांवर, छातीच्या उंचीला. तानपुरा गाणाऱ्याच्या शेजारी, फोनकडे तोंड करून. तबला थोडा मागे, नाहीतर डग्ग्याची घुमक सगळं गिळून टाकते. मग एक मिनिट गाऊन हेडफोनवर ऐकायचं : खर्जात शब्द कळतात का, तानपुऱ्याची जवारी कानाला लागते का, तार षड्जाला आवाज फाटतो का.

फोनची एक खोड इथे नडते. बहुतेक फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतात. हळू गायलं की वाढवतात, जोरात गायलं की दाबतात. परिणामी मंद्रातला अलवार आलाप आणि तारसप्तकातली पुकार एकाच उंचीवर येऊन बसतात. लगावातला फरक, जो कमवायला दहा-दहा वर्षं जातात, तो फोन पुसून टाकतो. पाच-सात हजारांचा साधा बाहेरचा माइक आणि आवाजाची पातळी हातानं ठरवू देणारं एखादं ॲप एवढ्यानं बराच फरक पडतो. ज्यांना तेवढंही परवडत नाही त्यांनी निदान तयार झालेलं चित्रण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये. ते तिथे दाबून लहान केलं जातं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं पोहोचतं.

साथीचा प्रश्न त्याहून बिकट. प्रत्येक तालुक्याला ठेका धरून बसणारा तबलजी असतोच असं नाही. पेटीवाले तर आणखी कमी. म्हणून अनेक स्पर्धांनी ॲपवरचा तबला चालवून घेतला. ॲपचा ठेका घड्याळासारखा नेमका चालतो, पण तो गाणाऱ्याकडे बघत नाही. समोरचा तबलजी गाणाऱ्याची आमद ओळखतो, समेच्या आधी ठेका किंचित भरतो, मुखडा उशिरा उचलला तर सावरून घेतो. ॲपवर गाणाऱ्या मुलाला ही देवघेव मिळत नाही आणि वर्षानुवर्षं अशाच साथीवर रियाज केलेली मुलं पहिल्यांदा जिवंत तबल्यासोबत बसली की गोंधळतात. त्यात एक चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो : ठेका ब्लूटूथ इयरफोनमधून ऐकत गायचं. ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. गाणाऱ्याच्या कानात सम बरोबर पडते, पण ठेका वेगळा मुद्रित करून नंतर गाण्याला जोडला की प्रत्येक सम मागून येते. परीक्षकाला वाटतं, पोरगं लयीत कच्चं आहे. तारेचा जुना इयरफोन वापरला की हा घोटाळा होत नाही.

दोन वेगवेगळ्या गावांत बसून गाणं आणि तबला नेटवरून एकत्र का होत नाही, असंही पालक विचारतात. एकत्र वाजवणाऱ्यांमध्ये साधारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर लय ढिली होत जाते. हवेतून आवाजाला तेवढ्या वेळात आठ-दहा मीटर जाता येतं, म्हणून मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांनाही जपून वाजवावं लागतं. पुण्याहून कॅलिफोर्नियाचं अंतर तेरा हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मध्ये एकही अडथळा नसला तरी एका बाजूनं जायलाच पासष्ट मिलिसेकंद लागणार. तंत्रज्ञान कितीही सुधारलं तरी ही मर्यादा निसर्गाची आहे. म्हणून सान होजेतली मराठी मुलगी पुण्यातल्या गुरूंकडून ऑनलाइन शिकू शकते, पण त्यांच्या तबल्यावर गाऊ शकत नाही. ऑनलाइन अंतिम फेरी भारतात संध्याकाळी सातला असेल तर ती तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला येते, घसा अजून उघडलेला नसताना. परदेशातल्या स्पर्धकांना यासाठी वेळेची निवड देणं अवघड नाही.

चित्रण गेलं, की पुढचं सगळं परीक्षकाच्या हाती. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

2013 साली ‘पीएनएएस’ या अमेरिकी विज्ञान नियतकालिकात चिया-जुंग त्साय या संशोधिकेचा एक निबंध आला. त्या स्वतः पियानोवादक. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या पहिल्या तिघांची छोटी चित्रणं लोकांना दिली आणि जिंकलं कोण हे ओळखायला सांगितलं. काहींना फक्त आवाज, काहींना आवाजासह चित्र, काहींना आवाज पूर्ण बंद करून नुसतं चित्र. आवाज ऐकणाऱ्यांना तिघांतून एक नुसत्या अंदाजानं निवडावा तेवढंच यश मिळालं. मूक चित्र पाहणाऱ्यांनी निम्म्याच्या आसपास वेळा विजेता बरोबर ओळखला. व्यावसायिक संगीतकारांचाही निकाल असाच लागला, आणि आधी विचारलं होतं तेव्हा निर्णयात आवाजच महत्त्वाचा असं बहुतेकांनी सांगितलं होतं.

ही गोष्ट ख्यालगायकीला तशीच्या तशी लावता येणार नाही. पण घरगुती चित्रणांच्या स्पर्धेत चित्राचं वजन आणखी वाढतं, हे नाकारता येणार नाही. एका मुलाच्या मागे बैठकीची सजावट, समई, मिरजेचे दोन तानपुरे, दोन कॅमेरे, स्टुडिओतला उजेड. दुसऱ्याच्या मागे दोरीवरचे कपडे आणि पिवळा बल्ब. परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी डोळा आपलं काम करतोच.

आपल्याकडे यावर जुना उपाय आहे. 1952 ते 1962 या काळात बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीनं कलाकारांच्या श्रवणचाचण्या बसवल्या आणि श्रेणी ठरवल्या. पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारख्या अधिकारी माणसाकडे त्याची धुरा होती. त्या वेळी नामवंत कलाकार चिडले, बहिष्कारही झाला, आणि त्या रागाला कारण होतं. मात्र रेडिओवरून गाणाऱ्याचा पोशाख, घर किंवा वाद्यांची झळाळी यांतलं काहीच पोहोचत नव्हतं. आकाशवाणीच्या संगीत स्पर्धेनंही पुढच्या पिढ्यांना वाट करून दिली. वीणा सहस्रबुद्धे 1972 साली तिच्या विजेत्या होत्या. ऑनलाइन स्पर्धांच्या पहिल्या फेरीत परीक्षकांना चित्र न देता फक्त आवाज द्यावा, नावाऐवजी क्रमांक द्यावा. चित्रण आयोजकांनी सलगपणा तपासायला स्वतःकडे ठेवावं. याला खर्च शून्य आहे.

चित्रण मागण्याचं खरं कारण लबाडी पकडणं हेच आहे. 1997 साली अँडी हिल्डब्रँड यांनी ‘ऑटो-ट्यून’ आणलं. हे गृहस्थ त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचा अभ्यास करायचे. आज बेसूर गाणं सुरात आणणारी अशी साधनं फोनवर मिळतात. पण ती बारा ठरावीक स्वरांच्या हिशोबानं चालतात. दरबारीतला आंदोलित गंधार त्यांना चुकलेला स्वर वाटतो आणि ती त्याला ओढून सरळ करतात. मींडेच्या जागी पायऱ्या येतात. तयार कानाचा परीक्षक हे एका आवर्तनात ओळखतो.

जगातल्या मोठ्या स्पर्धांनी ऑनलाइन फेरीला तिची जागा दाखवून दिलेली आहे. 2008 च्या अखेरीस यूट्यूबनं जगभरातून वादकांची चित्रणं मागवली. तीन हजारांहून अधिक आली. त्यांतून निवडलेल्या नव्वदहून अधिक वादकांचा वाद्यवृंद 2009 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मायकेल टिल्सन थॉमस यांच्या संचालनाखाली वाजला. वॉर्साची शोपँ पियानो स्पर्धा 1927 पासूनची. 2020 सालच्या, करोनामुळे पुढे 2021 मध्ये झालेल्या स्पर्धेसाठी पाचशेहून अधिक अर्ज आले, चित्रणं पाहून त्यांतल्या 164 जणांना बोलावलं गेलं, आणि मग सगळ्या फेऱ्या श्रोत्यांसमोर, सभागृहात झाल्या. दोन्हीकडे चित्रणानं फक्त दार उघडलं. आपल्याकडे मात्र अनेक स्पर्धांत चित्रण हीच पहिली आणि शेवटची फेरी असते.

याहून वाईट प्रकार लाइकचा. काही ठिकाणी शेकडा अमुक गुण ‘लोकप्रियते’ला ठेवलेले असतात. मग आत्या-मामांचे, सोसायटीचे, ऑफिसचे व्हॉट्सॲप गट दुव्यांनी भरून जातात. मोठं कुटुंब असलेला मुलगा वर जातो. मारव्याचा कोमल रिषभ कितपत सांभाळला, याच्याशी त्या आकड्याचा काडीचाही संबंध नसतो. दुसरीकडे प्रवेश शुल्क घेऊन सगळ्यांनाच ई-प्रमाणपत्र वाटणाऱ्या स्पर्धा आहेत. परीक्षक कोण, हे निकालानंतरही कळत नाही. ‘उत्तेजनार्थ’ शंभर जणांना. अशा प्रमाणपत्रांची चळत झालेली मुलं मग अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमेच्या परीक्षेला बसतात, समोरचा परीक्षक एखादा ठेका हातावर धरायला सांगतो, आणि तिथे अडखळतात.

तरी मुलांनी प्रवेशिका भरावी. एका बंदिशीवर महिनाभर काम करणं, स्वतःचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकणं, आपला तार षड्ज रोज थोडा चढतो हे स्वतःच्या कानांनी पकडणं, ही तालीम स्पर्धेच्या निमित्तानं होते आणि निकाल काहीही लागला तरी हाती राहते. पूर्वीच्या शिष्याला आपला आवाज बाहेरून ऐकायची सोय नव्हती. ती आज पाचवीतल्या मुलाला आहे. सतराव्या प्रयत्नात चांगलं जमलं म्हणून पहिले सोळा पुसून टाकू नयेत, गुरूंना त्यांतला पहिला आणि शेवटचा दोन्ही ऐकवावेत.

पालकांनी शुल्क भरण्याआधी आयोजकांना विचारून घ्यावं : परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, लाइकला गुण आहेत का, आणि प्रत्येक स्पर्धकाला लेखी अभिप्राय मिळणार का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पैसे तबलजीला देऊन महिन्याभराची साथ घ्यावी. आणि आयोजकांना विनंती एवढीच : पुढच्या वर्षीच्या नियमपत्रिकेत पहिली फेरी फक्त आवाजावर घ्या, बडा ख्याल मागणार असाल तर पंधरा मिनिटं द्या, आणि हरलेल्या प्रत्येक मुलाला, कुठे सूर उतरला नि कुठे सम चुकली, हे चार ओळींत लिहून कळवा.